'अ‍ॅपरंटली' म्हणजे उघडउघड ना? मग माझं चुकलं कुठं

द्राक्षपेटी_तासगाव

नमस्कार मंडळी. मी तासगाव साइडची, सांगलीत एका द्राक्ष एक्स्पोर्टवाल्यांच्याकडं डॉक्युमेंटेशनला आहे, दोन सीझन झाले. शिक्षण बीकॉम, मराठी मीडियम. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोचे (मालात रोगकीड नसल्याच्या सरकारी दाखल्याचे) कागद हे सगळं डोळे झाकून करते पण मेलमधे दोन ओळी स्वतःच्या मनानं लिहायच्या म्हटलं की घाम फुटतो. यंदा दोनदा तोंडावर पडले म्हणून इथं विचारतेय, हसू नका. (हसलात तरी चालेल पण उत्तर द्या.)

पहिलं असं झालं की हॉलंडच्या बायरनं विचारलं कंटेनर कधी पोचतोय. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्यापासून तारखेचा भरवसा राहिला नाही हे त्यालाही माहितीये आणि मलाही, तर मी आपलं अंदाजानं लिहिलं 'द कंटेनर मस्ट रीच रॉटरडॅम ऑन ट्वेंटिएथ'. मला म्हणायचं होतं २० तारखेला पोचायला पाहिजे. त्याचा उलट मेल, की हे तुम्ही आम्हाला सांगताय का शिपिंग लाइनला सांगताय, आम्ही यात काय करणार. मला कळेचना हा एवढा कशाला चिडला.

दुसरं जास्त महागात पडलं असतं. त्याचा मेल आला 'अ‍ॅपरंटली टू पॅलेट्स वेअर वॉर्म ऑन अरायव्हल'. मी डिक्शनरीत बघितलं, अ‍ॅपरंट म्हणजे उघड, स्पष्ट, दिसून येणारा. म्हटलं मेले, हा म्हणतोय की दोन पॅलेट गरम होते हे तर उघडच आहे. मी घाबरून चार पॅराची माफी लिहिली, 'वी अ‍ॅक्सेप्ट' वगैरे शब्द घालून, आणि साहेबांना सीसी. साहेब केबिनमधनंच ओरडले, "अगं तो नुसतं ऐकलेलं सांगत होता, तू कबूल करून बसलीस!" नंतर कंटेनरमधल्या लॉगरचा डेटा मागवला तर तापमान सगळं बरोबर निघालं, त्यामुळं वाचलो. पण साहेबांना तरी कसं कळलं की तो ऐकलेलं सांगतोय? ते म्हणतात सवयीनं कळतं. मला सवय व्हायची वाट बघायला वेळ नाही, पुढचा सीझन आलाच.

तर असे जे शब्द आहेत, मस्ट, शुड, अ‍ॅपरंटली, सीम्स, शुअर, ऑब्व्हियसली, यातलं नक्की कुठं किती खात्री असते? कुणी टक्क्यात सांगितलं तर फारच बरं.

कृष्णाकाठचा_ट्रान्स्पोर्टवाला

ताई टक्के बिक्के मला माहीत नाहीत पण अ‍ॅपरंटलीला आपल्याकडं एकदम फिट्ट शब्द आहे, 'म्हणे'. बास. पुराच्या टायमाला दिवसातनं पन्नास वेळा वापरतो आपण. २०१९ च्या ऑगस्टमधे आमच्या गल्लीच्या ग्रुपवर काय चाललं होतं आठवा. कोयनेतनं म्हणे अजून सोडलं. कर्नाटकातले अलमट्टी धरणवाले म्हणे दारं उघडत नाहीत. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला म्हणे पन्नास फूट पाणी झालं. आता सांगणारा बेडरूममधे बसून सांगतोय, आयर्विन पुलाजवळ तो गेलेलाच नाही. पण एकजण रेलिंगला उभा राहून फोटो टाकायचा, तो 'म्हणे' कधीच लिहायचा नाही, तो लिहायचा ५३ झालं, ५५ झालं. ५७ च्या वर गेलं त्या दिवशी त्यानं पण लिहायचं सोडून दिलं कारण त्याचंच घर पाण्यात.

तर तुमचा हॉलंडवाला हा बेडरूमवाला. दोन पॅलेट म्हणे गरम होते. गोडाऊनवाल्यानं त्याला सांगितलं असणार, त्यानं काय हात लावून बघितलेलं नाही.

सातारकर_मास्तर

ट्रान्स्पोर्टवाल्यांनी माझं निम्मं काम केलं. मी कोरेगाव तालुक्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता रिटायर होऊन साताऱ्यात नातवंडं आणि हा फोरम असं चाललंय.

ताई, तुमची डिक्शनरी खोटं बोलली नाही, पण अर्धंच बोलली. 'इट इज अ‍ॅपरंट दॅट' असं आलं तर अर्थ उघड, स्पष्ट असाच होतो. पण 'अ‍ॅपरंट रीझन' म्हटलं की वरवर दिसणारं कारण, आत वेगळंही असू शकतं. आणि 'अ‍ॅपरंटली' ह्या क्रियाविशेषणानं तर आजच्या इंग्रजीत ही दुसरीच बाजू पकडलीय. ऐकलंय, वाचलंय, दिसतंय असं, पण शपथ घालू नका. उघडउघड म्हणायचं असेल तर 'क्लिअर्ली'. 'एव्हिडंटली' त्याच्या जवळचा, पण त्यात समोरच्या पुराव्याचा वास येतो: पेटीवर ओल दिसतेय त्यावरनं म्हणतोय.

आता टक्के. तुम्ही टक्के मागताय तिथंच गाडी रूळ सोडते असं माझं मत आहे. आपण पोरांना शिकवताना फळ्यावर शिडी काढतो, खाली माइट, मग मे, मग शुड, वर मस्ट, आणि खात्री वाढत जाते म्हणून सांगतो. मीही वीस वर्षं तेच केलं. चुकीचं नाही पण त्यानं कामाचं काही कळत नाही. खरं विचारायचं ते असं, की हे तुला कळलं कसं? डोळ्यानं बघितलंस, कुणी सांगितलं, खुणेवरनं ताडलंस, का टाइमटेबलावरनं बोलतोयस?

उदाहरण घ्या. शेजाऱ्यांच्या घरात दिवा दिसतोय, चपला दारात आहेत, तर आपण म्हणतो 'घरी असणार'. हे 'मस्ट बी अ‍ॅट होम'. समोर खूण आहे, त्यावरनं ताडलं. आता दिवा बिवा काही दिसत नाही, पण आज रविवार, ते रविवारी कुठं जात नाहीत, तर आपण म्हणतो 'घरी असायला पाहिजेत'. हे 'शुड बी अ‍ॅट होम'. इथं खूण नाही, नेहमीचा रिवाज आहे. आणि दोन्ही नसेल तर 'असतील बाबा', म्हणजे 'मे बी', 'माइट बी'. सकाळी सहाला कडी वाजली की आई आतनं म्हणते 'दूधवाला असणार', तिथं इंग्रज 'मस्ट' न वापरता 'दॅट विल बी द मिल्कमन' पण म्हणतो, त्याला रोजचं माहीत असतं म्हणून. हे विल भविष्यकाळाचं नाही, पोरं इथं हमखास फसतात.

तुमचं 'मस्ट रीच' का चुकलं ते आता बघा. आपला 'पाहिजे' दोन कामं करतो. 'पोरगं वेळेत घरी आलं पाहिजे' हा हुकूम. 'एसटी एव्हाना यायला पाहिजे' हा अंदाज. मस्टही दोन कामं करतो, म्हणून आपल्याला वाटतं जोडी जमली. पण मस्टपुढं साधं क्रियापद आणि पुढची तारीख आली की तो हुकूमच होतो: कंटेनर २० ला पोचलाच पाहिजे, बघा काय करायचं ते! बिचारा डच घाबरणारच. तिथं 'शुड रीच', किंवा ऑफिसात शोभेल असं 'इज एक्स्पेक्टेड टु रीच', किंवा लाइनच्या शेड्यूलवरनं बोलत असाल तर 'इज ड्यू ऑन'. मस्ट वापरायचाच असेल तर झालेल्या गोष्टीला वापरा, 'इट मस्ट हॅव रीच्ड बाय नाऊ', एव्हाना पोचला असणार.

आणि एक गंमत. तुम्ही तुमच्याच प्रश्नात लिहिलंय 'तापमान बरोबर निघालं'. हे जे 'निघालं' आहे ना, हे इंग्रजीत 'इट टर्न्ड आउट'. आधी एक समज होता, तपासलं, वेगळंच हाती आलं. मराठीत तुम्हाला हे सगळं येतं ताई. साहेबांना कसं कळलं विचारता, त्यांना 'म्हणे' ऐकू आला.

पुण्यातला_मिरजकर

मास्तर सर मस्त लिहिलंय पण थोडा विरोध करतो. मी आयटीत आहे, अमेरिकन क्लायंट, माझा अनुभव असा की ही नाजूक छटा लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते, वाचणाऱ्याच्या डोक्यात ती पोचेलच असं नाही, आणि हे फक्त आपल्यासारख्यांचं नाही, जन्मानं इंग्रजी बोलणाऱ्यांचंही तसंच. शर्मन केंट नावाचा सीआयएतला माणूस होता. १९५१ मधे त्याच्या टीमनं रिपोर्ट दिला की युगोस्लाव्हियावर सोव्हिएत बाजूकडून हल्ला होणं ही 'सीरियस पॉसिबिलिटी' समजावी. नंतर एका अधिकाऱ्यानं सहज विचारलं, म्हणजे किती हो? केंटच्या मनात होतं ६५ विरुद्ध ३५, हल्ला होण्याच्या बाजूनं. तो अधिकारी चाट पडला, त्यानं बरंच कमी धरलं होतं. मग केंटनं टीममधल्या एकेकाला विचारलं तर कुणी २० टक्के म्हणतोय कुणी ८०. सह्या सगळ्यांनी एकाच वाक्यावर केलेल्या! १९६४ ला त्यानं यावर लेखच लिहिला, की शब्दांना आकडे ठरवून द्या.

म्हणून ताई, तुम्ही टक्के मागितले ते अजिबात चुकीचं नाही. मी तर म्हणतो छटा सोडा, आकडा आणि आधार लिहा. 'शिपिंग लाइनच्या आजच्या शेड्यूलप्रमाणे २०, दोनतीन दिवस इकडंतिकडं होऊ शकतं.' संपलं.

बागायतदार_पलूस

वरच्या भावाला प्लस वन, पण आकड्यांची पण एक गंमत सांगतो. आमचा जीव ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाच्या अंदाजावर टांगलेला असतो, फळछाटणी झालेली, घड फुलोऱ्यात, आणि तेव्हा पाऊस आला की डावणी न् घडकूज, फवारणी करून करून माणूस मेटाकुटीला येतो. तर मी हवामान खात्याचं इंग्रजी बुलेटिन वाचायचो, 'लाइकली' लिहिलं की समजायचो येणारच, रात्री टँकर भरून तयार. मग एकदा बुलेटिनच्या तळाला बारीक अक्षरात तक्ता दिसला. त्यांच्याकडं 'लाइकली' म्हणजे २५ ते ५० टक्के. ५० ते ७५ असेल तर 'व्हेरी लाइकली', त्याच्यावर 'मोस्ट लाइकली'. म्हणजे नुसतं लाइकली म्हणजे न येण्याचीच शक्यता जास्त की ओ! आणि पोरगं अ‍ॅग्रीला आहे, ते म्हणालं जागतिक हवामान बदलाचा जो आयपीसीसीचा रिपोर्ट असतो त्यात 'लाइकली' म्हणजे ६६ टक्क्याच्या वर. एकच शब्द, एका ठिकाणी पाऊस येतोय एका ठिकाणी नाय.

औषधाचा खर्च मात्र दोन्हीकडं माझाच.

विश्रामबाग_वकील

मास्तरांनी 'कळलं कसं' हा जो मुद्दा काढला तो आमच्या धंद्याचा पायाच आहे म्हणून राहवलं नाही. दाव्याच्या शेवटी व्हेरिफिकेशन असतं, ते लोक न वाचता सही करतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर ६ रूल १५, तिथं स्पष्ट सांगितलंय की कुठले परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून खरे म्हणतोस आणि कुठले दुसऱ्याकडून मिळालेल्या माहितीवरून खरे समजतोस ते नंबर घालून वेगळं सांग. म्हणजे कायदा तुम्हाला 'आहे' आणि 'म्हणे' वेगळं करायला लावतो. साक्षीतही तसंच, १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ६० होतं, बघितलेलं असेल तर बघणाऱ्यानं सांगायचं, ऐकलेलं असेल तर ऐकणाऱ्यानं. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा साक्ष अधिनियम आला पण तत्त्व तेच.

आमच्याकडं पक्षकार पिंजऱ्यात उभा राहून "त्यानं म्हणे बांध कोरला" म्हणाला की समोरचा वकील खूश.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट: 'टु द बेस्ट ऑफ माय नॉलेज' हे वाक्य मेलमधे उठसूट वापरू नका. लोकांना वाटतं भारदस्त आहे. त्याचा अर्थ मला जेवढं ठाऊक तेवढं, पुढचं मला विचारू नका. स्वतः मोजलेल्या पेट्यांबद्दल असं लिहिलंत तर बायर म्हणेल हिनं मोजल्या का नाही?

द्राक्षपेटी_तासगाव

बाप रे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं कधी. वकीलसाहेब, गेल्या महिन्यात मी पेटीसंख्येच्या मेलला तेच वाक्य लावलंय 😭 काऊंट मीच केला होता उभं राहून.

मास्तर सर, अजून दोन शंका. एक, लॉगरचा डेटा आल्यावर मी जोशात लिहिलं 'ऑब्व्हियसली द फ्रूट वॉज नॉट वॉर्म'. साहेबांनी ऑब्व्हियसली खोडलं. का? आता तर पुरावा होता की. दुसरं म्हणजे 'गरम नसणार' कसं म्हणायचं, 'मस्ट नॉट बी वॉर्म' लिहिलं तर पुन्हा हुकूम होतो का?

सातारकर_मास्तर

दुसरं आधी. होय, हुकूमच होतो. पॅलेट गरम असता कामा नयेत, अशी ताकीद. 'असणार'चं उलटं इंग्रजीत 'कान्ट' होतं. 'दे कान्ट हॅव बीन वॉर्म', गरम असणं शक्यच नाही. फळ्यावर मस्टच्या उलट मस्ट नॉट लिहिणारे आम्हीच, त्यामुळं ही चूक तुमची कमी आणि आमची जास्त.

ऑब्व्हियसली का खोडलं? कारण तो शब्द वस्तूबद्दल कमी आणि समोरच्या माणसाबद्दल जास्त बोलतो. हे तर शेंबड्या पोराला कळेल, तुला कसं कळलं नाही, असं. आपण मराठीत दर वाक्याला 'ऑब्व्हियसली' म्हणायला लागलोय, माझी नात चहा घेणार का विचारलं तरी ऑब्व्हियसली म्हणते, त्यामुळं त्याची धार आपल्याला लागत नाही. बायरला लागते. 'द लॉगर शोज' लिहा. लॉगर दाखवतोय, मी नाही म्हणत.

तसाच 'शुअरली'. आपण तो 'नक्की' म्हणून वापरतो, 'आय विल शुअरली सेंड'. पण वाक्याच्या सुरुवातीला 'शुअरली' आला की तो खात्री देत नाही, मागतो. 'शुअरली यू चेक्ड द सील?' म्हणजे तुम्ही सील तपासलं असेलच ना हो? मनात शंका आहे म्हणून तर विचारतोय.

मिरजकर, आकडा द्या हे मान्य. पण आकडा द्यायला तो आपल्याकडं असावा लागतो. गोडाऊनवाल्यानं सांगितलं पॅलेट गरम, त्याचे किती टक्के लिहिणार तुम्ही?

पुण्यातला_मिरजकर

लिहिणार 'गोडाऊनवाल्यानं सांगितलं', सर. नाव घालून.

सातारकर_मास्तर

मग तेच तर मी म्हणतोय की.

भाषेचा_किडा

मधेच घुसतो, सॉरी. मास्तर म्हणतात ते काही भाषांत क्रियापदाच्या शेपटीलाच लावावं लागतं. तुर्कीत 'गेल्दी' म्हणजे आला, आणि 'गेल्मिश' म्हणजे आला म्हणे किंवा आलेला दिसतोय. कोलंबिया-ब्राझीलच्या सीमेवर तुयुका नावाची छोटी भाषा आहे तिच्यात असे पाच प्रकार, बघितलं, आवाजावरनं कळलं, खुणेवरनं ताडलं, ऐकलं, आणि अंदाजानं धरलं. इंग्रजीत शेपटी नाही म्हणून ते शब्द वरनं पेरतात. फोनवरनं कळलं तर 'साउंड्स लाइक', फोटो बघून 'लुक्स लाइक'. आमचे मॅनेजर फोटो बघून 'साउंड्स गुड' म्हणतात ते सोडून द्या.

कृष्णाकाठचा_ट्रान्स्पोर्टवाला

पाच प्रकार? आमच्या ड्रायव्हरला एकच येतो. "कुठं आहेस?" "आलोच." शिरवळला पण आलोच, कराडला पण आलोच 😂

'म्हणे'त टोमणा पण असतो हां ताई, ते राहिलं. 'मोठा आला म्हणे हिशोब विचारणारा.' इंग्रजीत तसं असतंय का?

सातारकर_मास्तर

असतंय. 'अ‍ॅपरंटली आय अ‍ॅम नॉट इन्व्हायटेड.' मला म्हणे बोलवायची गरज नव्हती. मेलमधे आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं टोमणा आहे का नुसती बातमी आहे हे मागचापुढचा मेल वाचून ठरवायचं. तुमच्या डचाचा टोमणा नव्हता असं मला वाटतं, नुसती बातमी होती.

द्राक्षपेटी_तासगाव

आत्ताच त्याचा मेल आलाय म्हणून टाकते. 'आय अंडरस्टँड द नेक्स्ट कंटेनर हॅज लेफ्ट युवर पॅकहाऊस.' आधीच्या मीनं याचा अर्थ 'मला समजलं' असा घेऊन थँक यू लिहिलं असतं आणि विषय संपवला असता. पण हे 'कानावर आलंय, खरं का?' असं आहे ना? कारण कंटेनर अजून आमच्या दारातच उभा आहे, रीफरचं (थंड कंटेनरचं) प्लग पॉइंटचं काम चाललंय, मला खिडकीतनं दिसतोय.

सातारकर_मास्तर

बरोबर. मग खिडकीतनं दिसतंय ते लिहा. 'इट इज स्टिल हिअर.' पुढं मागं काही लावू नका.